खसखस दिसली पाहिजे

कॅमेरा घ्यायला निघताना डब्यात अनारसा घालून घेणारी बाई अख्ख्या बडोद्यात एकच असेल, आणि ती माझी सख्खी आत्या आहे. मथुराबाई. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. मग तिला समजवायला जाणारा स्वतःच समजून परत येतो.

२००४ सालचा अधिक श्रावण होता. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, अनारशांचं वाण द्यायचं आणि सोबत ऐपतीप्रमाणे एखादी भारी वस्तू, ही आमच्याकडची रीत. आत्याचा जावई कुशल रिफायनरीत नोकरीला, स्वभावाने अगदी गरीब. पण या खेपेला आत्याने जाहीर करून टाकलं, "अनारसे जावयाला. वस्तू इराला."

इरा तिची एकुलती एक मुलगी. कॉलेजात शिकवायची आणि उरलेल्या वेळात कोळ्यांच्या मागे असायची. कोळी म्हणजे जाळी विणणारे, आठ पायांचे. अकोटा भागात तिच्या घरामागच्या भिंतीवर तिला एक कोळी सापडला होता, आणि तिची खात्री होती की ही जात बडोद्यात आजवर कुणी नोंदवलेली नाही. पण तिच्या संशोधनाचे सर कडक. स्पिरिटमध्ये घातला की कोळ्याचा रंग उडतो, म्हणून त्यांना जिवंत कोळ्याचा फोटो हवा होता, रंग आणि आठही डोळे स्पष्ट दिसणारा. तो महिनाअखेरपर्यंत मिळाला नाही तर नोंद छापायची नाही. डिपार्टमेंटचा कॅमेरा कपाटात कुलूपबंद, आणि इरा-कुशलच्या डोक्यावर फ्लॅटचं कर्ज. इरा कुणाकडे काही मागणाऱ्यातली नव्हतीच. जेवताना सहज आत्याने विचारलं, "केवढे असतात गं ते डोळे?" इरा म्हणाली, "खसखशीएवढे." आणि हात धुवायला उठून गेली.

दुसऱ्या दिवशी आत्या माझ्या स्कूटीवर मागे बसली. मांडीवर डबा, डब्यात अनारसा.

"हा कशाला?" मी विचारलं.

"यावर खसखस आहे. जो कॅमेरा खसखशीचा दाणा न् दाणा दाखवील तो घ्यायचा. माझ्या पेन्शनीत बसला पाहिजे, एवढंच."

हसावं की स्कूटी परत वळवावी, मला कळेना.

रावपुऱ्यातल्या पहिल्या दुकानात शेठने विचारलं, "माजी, कोना माटे?" अधिक महिना, म्हणून मीच आगाऊपणे सांगितलं, जमाई माटे, जावयासाठी. झालं! शेठ खुर्चीतून उठला, थंड पाणी आलं आणि काचेच्या कपाटातला सगळ्यात वरचा कॅमेरा खाली उतरला. "जमाई राजी राजी थई जशे!"

"जमाई नहीं, दीकरी माटे," आत्या म्हणाली.

तो कॅमेरा परत वर गेला. खालून एक गुलाबी निघाला. "तो आ लो ने. पर्समां मुकाय."

माझं डोकं असं सणकलं म्हणता! जावयाला सगळं मोठ्यात मोठं आणि मुलीला पर्समध्ये मावेल ते? आत्या मात्र शांत. तिने डबा उघडला, अनारसा काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "भाई, पेलो मोटो पण उतारो, आ नानो पण. बधामां आनो फोटो पाडो."

सगळ्या कॅमेऱ्यांतून अनारशाचा फोटो? शेठला वाटलं, माजींचं वय झालं. पण दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि करमणूक फुकटची होती. मोठ्या कॅमेऱ्यात अनारसा दुरूनच झकास दिसायचा, जवळ नेला की खसखशीचा नुसता पांढरा राप. गुलाबीत तर अनारसा की गोवरी तेही कळेना. कोपऱ्यात एक साधा, करडा, कुणी न विचारलेला कॅमेरा होता. त्याच्या बटणावर फुलाचं चित्र. शेठ म्हणाला, ते जवळच्या वस्तूसाठी आहे, आणि दाबून दिलं. आत्याने तो स्वतःच्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, अनारशाच्या अगदी नाकाशी नेला. फोटो निघाला तो धुक्यातला.

"हाही आंधळा," ती म्हणाली आणि डबा मिटला.

मग फतेगंजपर्यंत सगळी दुकानं पालथी घातली. कुठे जमलं नाही. घरी येऊन आत्या पंख्याखाली बसली. चष्मा काढून ती पदराने पुसू लागली आणि एकदम थांबली.

"अगं, चष्म्याला तूप लागलंय."

"मग?"

"मग काय मग! अनारसा मी हाताने उचलला आणि त्याच हाताने तो करडा कॅमेरा धरला. त्याच्या भिंगाला मीच तूप फासलं! आंधळा तो नव्हे गं, मी!"

आम्ही इतक्या हसलो की शेजारच्या निरुपमाबेन चौकशीला आल्या.

सकाळी पुन्हा रावपुरा. या वेळी हात साबणाने धुतलेले, सोबत मऊ सुती फडकं, अनारसा चमच्याने बाहेर. शेठ बिचारा हात जोडूनच उभा राहिला. आत्याने करड्या कॅमेऱ्याचं भिंग पुसून घेतलं, फुलाचं बटण दाबायला लावलं. मागच्या छोट्या पडद्यावर अनारसा उगवला. खसखशीचा एकेक दाणा सुटा, गोल, मोजून घ्यावा असा. मी भर दुकानात टाळ्या वाजवल्या. आणि तो होता सगळ्यात स्वस्तातला.

जेवणाच्या दिवशी आत्याने कुशलसमोर अनारशांचं ताट आणि वर पेटलेलं निरांजन ठेवलं. मग शेजारी दुसरा पाट मांडून इराला बसवलं, कुंकू लावलं आणि खोका हातात दिला. आत्याच्या जाऊबाई मंदाकाकू लगेच म्हणाल्या, "अहो वहिनी, अधिकात मान जावयाचा असतो!"

कुशलच बोलला. "काकू, माझा मान पोचला. आता तिला उठू द्या, कोळी भिंतीवरून जाईल."

इरा आईच्या पायाशी वाकली ती बराच वेळ उठली नाही.

चार दिवस ती भिंतीपाशी उकिडवी बसून होती. शेवटी हवा तसा फोटो मिळाला, सरांकडे गेला, आणि आमचा जीव टांगणीला लागला. फोन आला तो रविवारी, इरा मांजलपूरला माहेरी आलेली असताना. आत्याने उचलला.

"मी इराचा सर बोलतोय. तिला सांगा, आठही डोळे दिसले. नोंद तिच्या नावावर छापतोय."

आत्याने रिसीव्हर तसाच टेबलावर टाकला, धावत गॅलरीत गेली आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशी ओरडली, "सांभळो छो के? मारी इरानो करोळियो पास थयो!"

खालून कुणीतरी तितक्याच जोरात अभिनंदन केलं, कुणाचा कोळी कसला पास झाला ते न कळताच. इराने धावत येऊन रिसीव्हर कानाला लावला. "सर, सॉरी, ती माझी आई..."

"ऐकलं मी," सर हसत होते. "त्यांना सांग, पहिल्या नंबराने."