फोटोतली राणी

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. तमाशाचा, जत्रेचा विषय निघाला की मी पाणी प्यायला म्हणून उठायचो. बायकोलाही कधी बोललो नाही. ज्याला सगळं ठाऊक होतं तो आता नाही, आणि माझ्या डोळ्यांचंही फारसं खरं नाही. म्हणून लिहून ठेवतो.

मी शिरूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. म्हाताऱ्या कलावंतांना सरकार दरमहा मानधन देतं. आमच्याकडे आलेले अर्ज पुढं पाठवण्याआधी आम्ही चौघं बसून पाहायचो. भजन-कीर्तनातला जाणता माणूस म्हणून मला त्यात घेतलं होतं. काम चांगलं होतं, हे आधी सांगतो. एक हलगीवाला होता. गावातली पोरंटोरंसुद्धा त्याला अरे-तुरे करायची. मानधन मंजूर झालं त्या महिन्यात ग्रामसभेत त्याला बसायला खुर्ची दिली गेली. देवीचा गोंधळ घालणाऱ्या एका म्हातारीनं पहिल्या हप्त्यातून चष्मा केला आणि मला दाखवायला मुद्दाम घरी आली. मंजूर झालेल्यांना शाळांमधल्या शिबिरांत शिकवायला बोलावत, त्यामुळं मोडत आलेली कला एखाद-दुसऱ्या गावात पुन्हा उभी राहायची.

पण खोटे अर्जही यायचे. कुणी शेजाऱ्याची ढोलकी गळ्यात अडकवून फोटो काढायचा, कुणी देवळातली वीणा उचलून. तेव्हा मीच एक नियम सुचवला. कला सादर करतानाचा जुना फोटो हवा आणि त्यात अर्जदाराचा चेहरा ओळखू यायला हवा. तिघांनीही मान डोलावली. घरी येताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

आता ज्याला सगळं ठाऊक होतं त्याच्याविषयी. माझं आणि त्याचं गाव निमोणे. आमच्या तरुणपणी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावातलीच माणसं वग करायची. मी राजा व्हायचो आणि तो राणी. सलग अकरा जत्रा. बायका पाण्याला जाताना पाऊल कसं टाकतात, दुखावलेली बाई मान कशी वळवते, हे तो आड राहून नाही, समोर बसून, आपल्या थोरल्या बहिणीला विचारून शिकला होता. वगात राजा राणीवर खोटा आळ घेतो, तिला रानात धाडतो आणि शेवटी सगळ्या गावासमोर तिची माफी मागतो. "राणीसरकार, चुकलो." हे मला तीनदा म्हणावं लागायचं. दोनदा तो पाठ फिरवून उभा राहायचा. तिसऱ्यांदा हळूच वळायचा, तेव्हा पुढं बसलेल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागलेले असायचे. खेळ संपला की म्हाताऱ्या पुढं येऊन त्याची खणा-नारळानं ओटी भरायच्या. माहेरवाशिणीला रिकाम्या ओटीनं पाठवायचं नाही, म्हणायच्या. तो मिशी नसलेला, दणकट शेतकरी गडी पदर पसरून उभा राहायचा आणि कुणीही हसायचं नाही.

मला नोकरी लागली आणि मी वग सोडला. सासरची माणसं तमाशाला नाकं मुरडणारी होती. मी राजा झालो होतो हे त्यांना कधी कळू दिलं नाही. पुढं मी गुरुजी झालो, मग व्याख्यानं द्यायला लागलो. कला म्हणजे भजन, कीर्तन. बाकी नुसती करमणूक, असं मी किती व्यासपीठांवर बोललो असेन.

म्हातारपणी मानधनाचा अर्ज घेऊन तो आधी माझ्याच घरी आला. चारचौघांत तो मला गुरुजी म्हणायचा. एकटे असलो की राजं.

"राजं, ह्यो एकच फोटू ऱ्हायलाय बघ. बाकीचे वाळवीनं खाल्ले. चालंल न्हवं?"

शिरूरच्या फोटोवाल्यानं जत्रेत काढलेला काळा-पांढरा फोटो. नऊवारीतली राणी पाठमोरी होता होता थबकलेली, आणि तिच्यापुढं हात जोडलेला मुकुटवाला राजा. मी फोटो पालथा ठेवला.

"चालंल की," मी म्हणालो.

"पैशाचं सोड. मला शाळंत शिबिराला बोलवाया पायजे. पोरांना ती राणीची चाल शिकवतो. माझ्यासंगं ती जायला नगं. आन् काय रं, सरकारी कागदावर एकदा कलावंत म्हणून नाव आलं, तर गावातली मला बाई म्हणायची तरी थांबत्याल."

बैठकीत तो फोटो हातोहात फिरला.

"आता ही बाई कोण?" एकानं विचारलं.

"अर्जदार पुरुष आहे ना? मग हा राजा असेल," दुसरा म्हणाला. मग त्यानं अर्जावरच्या चेहऱ्याशी ताडून पाहिलं. "छे! नाक बघा. हा वेगळाच कुणीतरी."

"मग राणीच असेल हा!" तिसरा म्हणाला, आणि सगळे हसले. "गुरुजी, तुमच्याच गावचे. ओळखता का?"

फोटो माझ्यापुढं आला. एवढंच बोलायचं होतं: राणी तो आहे आणि राजा मी आहे. पण ते हसू अजून खोलीत होतं. उद्या हे तिघं चहाच्या टपरीवर काय बोलतील, ते मला आत्ताच ऐकू येत होतं. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, "चेहरा ओळखू येत नाही. नियम सगळ्यांना सारखा."

अर्जावर 'पुरावा अपुरा' असा शेरा पडला. तो माझ्याच अक्षरात आहे. त्याच बैठकीत देवळातली वीणा घेतलेल्या एका माणसाचा अर्ज आम्ही मंजूर केला. त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

पुढच्या वर्षी त्याची बायको वारली आणि तो दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये लेकीकडं राहायला गेला. मी एकदा भेटायला गेलो, सांगायचं ठरवूनच. तो ओट्यावर बसला होता, खूप वाळलेला.

"या राजं! इकडं कुठं वाट चुकलं?"

चहा झाला. पीकपाण्याचं बोलून झालं. मी घसा साफ केला, तर तोच म्हणाला, "त्या फोटूत तू लई बारीक दिसतूस. मुकुट पार भुवयांवर आल्याला. तुझं तुला तरी कसं वळखू येणार?"

म्हणजे तो शेरा माझा, हे त्याला कळलं होतं. आणि माझी सुटका व्हावी म्हणून सबबही त्यानंच शोधून ठेवली होती. मी ती घेतली. "व्हय, फोटो जुना झालाय," म्हणालो आणि एसटी गाठली.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी मी एका कागदावर सगळं लिहिलं. फोटोतली राणी हाच अर्जदार आहे, राजा मी आहे, मी अकरा वर्षं त्याच्यासोबत काम केलं आहे, माझा शेरा चुकीचा होता. खाली सही केली. तो कागद आधी त्याला दाखवायचा आणि मगच नव्या अर्जासोबत द्यायचा, म्हणून पुन्हा दौंडला निघालो. दारात लेक भेटली.

"काका, उशीर केलात. परवाच आबांचा दहावा झाला."

मी आत बसलो. तिनं पाणी दिलं आणि विचारलं, "आबा नाटकात होते म्हणायचे. कशाचं काम करायचे हो? विचारलं की नुसतं हसायचे. तुम्ही पाहिलं होतं का?"

कागद माझ्या खिशात होता. जावई समोर बसले होते, शेजारची दोन माणसं होती. मी म्हणालो, "चांगलं काम करायचे." तिनं आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली, मग भांडं उचलून आत गेली.

गावच्या जत्रेत आता ऑर्केस्ट्रा येतो. ती चाल कुणालाच येत नाही. शाळेतल्या पोरांना ती यायला हवी होती.

पहिल्यांदा दौंडला जाताना एसटीत मी काय बोलायचं ते मनात घोळवत होतो. फार विचार करावा लागला नाही, शब्द पाठच होते. अकरा वर्षं साऱ्या गावासमोर, मुकुट घालून, मोठ्या आवाजात तीन-तीनदा म्हटलेले. ओट्यावर, त्याच्या शेजारी बसून, ते मला एकदाही म्हणता आले नाहीत.

राणीसरकार, चुकलो.