आधी विचारायचं, मग हात लावायचा

माझ्या मुलीचा गुडघा गेला तेव्हा मी मैदानाच्या रेषेपासून चार पावलांवर उभा होतो, आणि तरी मला काहीच दिसलं नाही.

शिरवण्याच्या मैदानावर रविवारी सकाळी मुलींच्या कबड्डीचा सामना होता. मुलगी एकोणीस वर्षांची, चढाईला गेलेली. परत वळताना तिचं अंग फिरलं, पाय मात्र मातीत रुतून राहिला. कुणी तिला धरलंसुद्धा नव्हतं. ती खाली बसली आणि उठलीच नाही.

आम्ही सगळे धावलो. "पाय ओढून सरळ करा," एक जण म्हणाला. "स्प्रे आणा स्प्रे." "शीर चढली असेल, चोळा जरा." मी तर चोळायला हात पुढे केलाच होता.

"हात लावू नका कुनी!"

ओरडल्या त्या मुलींच्या प्रशिक्षक ताई. शिरवणे गावातल्याच, पन्नाशीच्या. तरुणपणी स्वतः कबड्डी खेळलेल्या, आणि नंतर खेळातल्या दुखापतींचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. त्या मांडी घालून मातीत बसल्या आणि आधी नुसतं बोलत राहिल्या.

"माज्याकडं बघ पोरी. कसा वलला गुडघा?"

"आत वळला. मी फिरले, तो नाही फिरला."

"आवाज आला का?"

"आला. टक्क असा."

"आनि आता कसं वाटतंय?"

"निसटल्यासारखं. तो माझा नाहीच असं वाटतंय, ताई."

ताईंनी घड्याळ बघितलं. मला त्या वेळी राग आला. पोरगी कळवळतेय आणि ही बाई वेळ बघतेय. पण थोड्या वेळात गुडघ्याच्या वाटीभोवतीचे खळगे भरून आले आणि गुडघा गोल झाला. ताई म्हणाल्या, "इतक्या लवकर सूज आली म्हंजे हे नुसतं पानी नाय. आत रगत हाय."

मग त्यांनी गुडघ्याला हात लावला. पण उजव्या, चांगल्या गुडघ्याला.

"ताई, दुखतोय तो डावा," मी म्हणालो.

"म्हायती हाय. चांगला कसा हाय ते समजल्याबिगर बिघडलेला कसा समजंल?"

एका हातात मांडी, दुसऱ्यात पोटरीचा वरचा भाग. गुडघा किंचित वाकवून त्यांनी नडगी अलगद पुढे ओढली. मग तसंच डाव्या बाजूला. त्यांचे डोळे मिटलेले होते. मैदानावर शंभर माणसं असतील, पण त्या घडीला ती बाई आणि तो गुडघा एवढंच जगात होतं.

"उजवा वढल्यावर थांबतोय," त्या हळू म्हणाल्या, "डावा थांबत नाय. आतला पुढचा बंध तुटला असावा. एसीएल. एमआरआय काढल्याशिवाय पक्कं बोलू नये, पन माज्या हाताला तसं लागतंय."

बर्फ टॉवेलात गुंडाळून ठेवला, पाय होता तसा बांधला आणि आम्ही दवाखान्यात निघालो. एक्स-रेत हाडं शाबूत दिसली तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टरांनी सांगितलं की एक्स-रेत बंध दिसत नाहीत. दोन दिवसांनी एमआरआयच्या खडखडाट करणाऱ्या नळकांड्यातून मुलगी बाहेर आली. रिपोर्टमध्ये शब्दांची मोठी रांग होती, पण अर्थ तोच, ताईंनी मातीत बसून सांगितलेला. मी तो कागद कितीदा तरी वाचला. इतकं मोठं यंत्र जे बघू शकलं, ते त्या बाईला दहा बोटांनी कसं कळलं असेल?

पुढे ऑपरेशन झालं. मुलीच्याच मांडीच्या मागच्या भागातली स्नायूची एक दोरी काढून तिचा गुडघ्यात नवा बंध केला. फिजिओथेरपिस्टनं आम्हाला सांगितलं की तो बसवल्यावर आधी कमजोर होतो, आणि मग शरीर त्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या घालतं, त्याला आपलंसं करतं. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती, ती हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली. "म्हणजे आत्ता, ही टीव्ही बघत बसलीये तेव्हासुद्धा हे चाललंय?" तिनं विचारलं. चाललंच होतं. वर्ष उलटल्यावर मुलगी पुन्हा चढाईला उतरली. पहिल्या दिवशी बाद झाली आणि हसत बाहेर आली.

त्या वर्षात मी ताईंच्या शनिवारच्या वर्गाला बसायला लागलो. गावच्या समाजमंदिरात पालकांसाठी त्या तासभर शिकवायच्या. लहानपणापासून माझ्याकडे या सगळ्याला तीनच शब्द होते: मुरगळलं, लचकलं, चमक भरली. ताईंनी त्या तिन्हींच्या पोटातलं सगळं बाहेर काढलं. हाडाला हाड बांधतो तो बंध. तो ताणला किंवा फाटला तर स्प्रेन. स्नायू किंवा त्याची दोरी ताणली तर स्ट्रेन. सांध्यातून हाड बाहेर आलं तर तो निखळला. आत्ताची दुखापत अ‍ॅक्यूट, घर करून बसलेली क्रॉनिक.

एकदा त्यांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले, साइन आणि सिम्प्टम. "सूज मला दिसते, ती साइन. दुखतंय हे तिनं सांगितलं तर मला कलतं, ते सिम्प्टम. पयलं बघायचं असतं. दुसऱ्यावर इस्वास ठेवायचा असतो."

मला तो मैदानावरचा निसटलेला गुडघा आठवला. पोरीचा शब्द ताईंनी तपासाआधी खरा मानला होता.

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला आहे. गेल्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर ओरडा झाला. पाइपांची मोळी उतरवताना एका माथाडी कामगाराचा तोल गेला आणि ट्रकच्या फाळक्याला धरलेल्या एका हातावर सगळं अंग लोंबकळलं. साताऱ्याकडचा माणूस, पंचेचाळिशीचा, मजबूत. तो जमिनीवर बसला होता आणि उजवा हात डाव्या हातानं सांभाळत होता.

मी त्याचे दोन्ही खांदे बघितले. डावा खांदा गोल होता. उजव्याची गोलाई गेली होती, कोपऱ्यासारखं टोक आलं होतं. ताईंच्या वर्गाआधी मी हे बघितलं असतं तर मला फक्त एक कळवळणारा माणूस दिसला असता.

"ओढा सायेब," तो दात आवळून म्हणाला. "तालमीत असताना वस्तादानं असाच बसवला हुता. एक हिसका द्या."

ड्रायव्हर पुढे सरसावलासुद्धा. "थांबा!" मी ओरडलो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "मामा, ओढायचं नाही. आत हाड मोडलं असलं तर? आधी मला सांगा, बोटं हलतात?"

हलली. मनगटावर नाडी लागत होती. दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागावर मी बोट टेकवलं. "इथं लागतंय माझं बोट?"

"जरा बधिर वाटतंय."

खांद्याजवळची नस दबली की तिथंच बधिर होतं, हे ताईंनी शिकवलं होतं; मी ते लक्षात ठेवलं. अंग आणि हात यांच्यामध्ये त्याच्याच टॉवेलची घडी घातली, हात होता तसाच कापडाच्या पट्टीनं बांधला, आणि आम्ही ऑफिसच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "निखळलाय, आणि हाडाच्या कडेचा तुकडापण उडालाय. ओढला नाहीत ते बरं केलंत." बधिरपणाचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि ते कागदावर लिहून घेतलं.

त्याच्या घरचं माणूस अजून यायचं होतं, म्हणून डॉक्टरांनी मलाच जवळ थांबू दिलं. गुंगीचं औषध दिलं. डॉक्टरांनी हात हळूहळू, अगदी सावकाश फिरवत नेला. हिसका नाही, जोर नाही. आणि मग त्या खांद्याची गोलाई माझ्या डोळ्यांदेखत परत आली.

थोड्या वेळानं तो शुद्धीवर आला. खांद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ओढला व्हय हो?" त्यानं विचारलं.

"नाही मामा," मी म्हणालो. "आपणहून गेला आत."