लॉकनट आणि रिकामी सीट

तीस वर्षांपूर्वी मी एका जीपचं व्हील अलाइनमेंट केलं आणि लॉकनट कसायलाच विसरले. वर मेसमध्ये जाऊन, पोहे खात, "मशीन नाही, नुसत्या दोरीवर केलं," अशी बढाई मारली. लेफ्टनंट होते. वय चोवीस, अक्कल रेशनवर.

गेल्या रविवारी इथे राजाजीनगरात घरच्या कारवर तेच काम केलं. स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी डावीकडे ओढत होती. दुपारी चारला सून मृणाल चार वर्षांच्या नातीला घेऊन हासनला निघणार होती.

०७०० ला सुरुवात. पार्किंगची फरशी सपाट आहे. टायरची हवा तपासली. स्टिअरिंग सरळ करून बांधून टाकलं. चार स्टुलं मांडून गाडीच्या दोन्ही अंगांना दोऱ्या ताणल्या, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, एकमेकींना समांतर. दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंत माप, मग मागच्या कडेपर्यंत. उजवं चाक ठीक. डावं पुढून चार मिलिमीटर बाहेर फाकलेलं. चाक स्टिअरिंगला जोडणारा टायरॉड असतो. त्याला जागेवर घट्ट धरणारा लॉकनट सैल केला, रॉड थोडा फिरवला, गाडी मागेपुढे ढकलली, पुन्हा मापलं. ०९२० ला माप जुळलं. नट कसला. नट आणि रॉड मिळून एक पांढरी रेघ ओढली. नट हलला तर रेघ तुटते.

०९४० ला वाकून रेघ बघितली. १०१० ला पुन्हा. १०२५ ला पुन्हा.

"साकु अक्का, साकु! पुरे की आता!" शेजारचे रंगण्णा पेपरमागून ओरडले. "नट काय पळून जाणार आहे?"

"एकदा पळालाय, अण्णा."

डोंगरातल्या त्या वर्कशॉपमध्ये हवालदार भरमाचा एक नियम होता. ज्यानं काम केलं, त्यानं पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसायचं. रँक कुठलाही असो. भरमा बेळगावकडचा. माझ्या निम्म्या कन्नड मराठीवर तो तोंड फिरवून हसायचा. त्या सकाळी तो स्वतः जीप चालवत, तापानं फणफणलेल्या जवानाला घेऊन खाली हॉस्पिटलकडे निघाला. जीप मी केलेली. शेजारची सीट रिकामी. मी मेसमध्ये.

०८४० ला रेडिओवर भरमाचा आवाज आला.

"स्टिअरिंग ढीला है. गाडी रोक रहा हूँ. ओव्हर."

"लोकेशन बताओ. ओव्हर."

उत्तर नाही.

रिकव्हरी गाडीत चढले तेव्हा हातात पोह्यांचा चमचा होता. अकरा मिनिटं लागली. एका वळणावर जीप डोंगराकडच्या नाल्यात तोंड घालून उभी होती. दुसऱ्या बाजूला कठडा नव्हता. जवान मागे ब्लँकेट गुंडाळून बसलेला, त्याला खरचटलंही नव्हतं. भरमाच्या कपाळातून रक्त येत होतं. तो खाली वाकून नट दोन बोटांनी फिरवून बघत होता. फिरत होता.

आमच्या कमांडिंग ऑफिसरना, ओसींना, मी स्वतः सांगितलं. रिपोर्टमध्ये माझं नाव मीच लिहिलं. एवढं एक काम त्या दिवशी धड केलं.

रविवारी दीड वाजता मृणालला म्हटलं, "गाडी काढ. मी शेजारी बसते."

"आई, सकाळपासून किती वेळा बघितलंत!"

"बघणं वेगळं, बसणं वेगळं. चल."

तुमकूर रोडला जाऊन आलो. मोकळ्या पट्ट्यात तिनं स्टिअरिंगवरची पकड क्षणभर सैल केली. गाडी सरळ गेली. घरी येऊन मी पुन्हा वाकले. रेघ अखंड. चारला दोघी निघाल्या. नातीनं मागच्या काचेतून मला जीभ दाखवली. पोचल्याचा फोन येईपर्यंत मी गॅलरीत येरझाऱ्या घालत होते.

भरमा त्या प्रसंगानंतरच्या पावसाळ्यात गेला. एका ट्रकचे ब्रेक त्यानं आदल्या दिवशी दुरुस्त केले होते. पहिल्या फेरीला तो ड्रायव्हरशेजारी बसला. ब्रेक उत्तम होते. दरड वरून आली. ड्रायव्हर वाचला.

त्या दिवशी नाल्याकाठी मी "सॉरी, भरमा" म्हटलं होतं. चमचा अजून हातातच. त्यानं कपाळ रुमालानं दाबलं, चमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, पुढच्या फेरीला माज्या शेजारी बसा. नट आपसूक ध्यानात ऱ्हातोय बघा."