लखमाची चाल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर गेली. सांगायला बसलो की विषय बदलायचो, पाण्याच्या टँकरचं काहीतरी बोलायचो. किती वर्षं असं करायचं?

सूर्यमाळला मी शिक्षक होतो. तिथल्या पाड्यावर जान्या तारपा वाजवायचा — भोपळ्याचं ते लांब वाद्य, त्याच्याभोवती फेर धरून नाचतात. त्याच्याकडे एक चाल होती, त्याच्या बापाने, लखमाने बसवलेली. नवा भात घरात आल्यावर मी ती टेप केली. ऐकून जान्या हसला. "गुरजी, तुमचा डबा माझेपेक्षा बरा. याला दमच नाय लागत!" ही दुसऱ्यांना दिली तर चालेल का, मी विचारलं. "द्या की. चाल काय कणगीत कोंडून ठेवायची? फकस्त माझे बाचा नाव घ्या."

एवढीच अट.

निवृत्त होऊन जव्हारला आलो तोवर तिथं इंटरनेट पोचलं होतं. माझा पुतण्या ठाण्याला कॉम्प्युटरवर काम करायचा. तो म्हणाला, अशा वेबसाइट आहेत जिथं संगीत सगळ्यांसाठी खुलं ठेवता येतं — कुणीही घ्यावं, विकायच्या वस्तूतही वापरावं, फक्त ज्याचं आहे त्याचं नाव द्यावं. जान्याचीच अट की ही! पुतण्याने चाल वेबसाइटवर टाकायला घेतली आणि विचारलं, "काका, नाव कुणाचं देऊ?"

मी — माझं सांगितलं.

का? टेप माझा, पायपीट माझी, असं मनाशी म्हणालो. खोटं आहे ते. मला माझं नाव बघायचं होतं.

पुढे परदेशातल्या एका कंपनीने ती चाल आपल्या व्हिडिओ गेममध्ये घेतली. जंगलातून पळणारा शिकारी, आणि मागे लखमाची चाल. गेम विकला जात होता. त्यात कंपनीची काही चूक नाही. त्यांनी अट पाळली, शेवटच्या नावांमध्ये नाव नीट लिहिलं. माझं.

त्या उन्हाळ्यात जान्या बाजाराला जव्हारला आला. मला मिरवायचं होतं, गेम दाखवायला घरी घेऊन आलो. पण तो चाल ऐकायला तयार होईना. नवा भात आल्याशिवाय तारपा वाजवायचा नाही, ऐकायचा नाही — देव कोपतो. उठून निघालाच तो. तेव्हा मी म्हणालो — कसं म्हणवलं मला? — "अरे, तुझ्या बापाचं नाव आहे यात."

जान्या दारात थांबला. "बाचा नाव आहे? मग देव काय नाय बोलायचा."

खाली बसला. भर उन्हाळ्यात, डोळे मिटून, त्याने तारपा ऐकला. शेवटी पडद्यावर नावं आली. त्याला वाचता येत नव्हतं. "कुठं, गुरजी?" मी बोट ठेवलं — माझ्याच नावावर. त्याने तिथं हात लावला आणि तो हात कपाळाला नेला.

त्या साली त्याची नागली करपली. अवेळी तारपा ऐकून आला म्हणून, असं पाड्यावरचे म्हणाले. नाचाचे दिवस आले तेव्हा त्याला तारपा धरू दिला नाही. दुसऱ्याच कुणी वाजवला, आणि जान्या आपल्या झापात, कुडाच्या खोपटात, बसून राहिला. "बाचा नाव होता, त्याला कसला पाप?" असं म्हणे तो सगळ्यांना सांगत असायचा. नंतरही कधी त्याला कुणी बोलावलं नाही. मला हे सगळं कळत होतं. नाव बदलायला पुतण्याला एक फोन पुरला असता. पाड्यावर जाऊन खरं सांगता आलं असतं. मी गेलो नाही.

गेलो तो त्याच्या शेवटच्या आजारपणात. माझा हात धरून म्हणाला, "गुरजी, तुमचे उपकार."

जान्या, तिथं लखमा नव्हता, मी होतो, मला माफ कर — वाक्य वाटेभर जुळवत नेलं होतं. मी त्याचं पांघरूण सारखं केलं आणि उठलो.