बेरियम सल्फेटबाबतचे एकमत

एका महाविद्यालयातील जुन्या प्रात्यक्षिक-वह्यांची सूची करताना मला १९९४ ते १९९८ या वर्षांच्या वह्यांत एक चमत्कार आढळला. बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जे काही विरघळते, ते द्रावणाच्या विद्युतवाहकतेतून निव्वळ पाण्याची वाहकता वजा करून काढतात. पाचही वर्षे प्रत्येक वहीत उत्तर तेच: लिटरला २.४ मिलिग्रॅम. इतके एकमत नाशिककरांचे मिसळीबाबतही नाही.

शोध घेता घेता मी सायखेड्याला पोहोचलो. तिथले गोटीराम त्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्रात साचणारा थर दर शनिवारी आम्लाने काढताना त्यांच्या बोटांची साले निघत, आणि पाणी तरीही खराबच येई. नवे यंत्र मागणारे त्यांचे तीन अर्ज फायलीत आहेत. तिन्हींवर विभागप्रमुख वेणीमाधव सरांचा शेरा एकच: ‘निकाल अचूक येतात. पाणी योग्य आहे.’

अडचण अशी, की खराब पाण्यापायी मुले नापास होऊ नयेत म्हणून ते अचूक उत्तर मुलांना गोटीरामच सांगत.

मार्च १९९९च्या परीक्षेत त्यांनी ‘संपृक्त द्रावण’ अशी चिठ्ठी असलेल्या बाटलीत नुसते पाणी भरले. बाराही मुलांचे उत्तर आले २.४. मग त्यांनी बाहेरून आलेल्या परीक्षक आभा मॅडमना, एकदा आपणच मोजून पाहावे, अशी विनंती केली. ‘द्रावणा’ची आणि निव्वळ पाण्याची, दोन्ही बाटल्यांची वाहकता सारखीच निघाली. वजाबाकी शून्य, आणि पाणी तर थेट नळाशी नाते सांगणारे.

“यात क्षार घातला होता का?” मॅडमनी विचारले.

“नाय, मॅडम.”

“मग मुलांचं उत्तर आलं कुठून?”

शेजारी वेणीमाधव सर उभे होते. नोकरीवर गदा येणार, हे गोटीरामांना दिसत होते.

“माझ्याकडनं. पाच वर्षं झाली, मीच सांगतोय. त्या पाण्याला त्यातलं काय बी ठावं नाय.”

हकीकत त्यांच्याच तोंडची, म्हणून मी कागदांशी ताडून पाहिली. फेरपरीक्षेची सूचना आहे. गोटीरामांना दिलेला मेमो आहे. नोकरी मात्र तेवढ्यावर निभावली. आणि जूनच्या डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नव्या यंत्राची नोंद आहे.

२०००च्या वह्यांत उत्तरे विखुरलेली दिसतात: १.९, २.८, ३.१. केवळ एका विद्यार्थिनीचे उत्तर २.४ आहे. त्याखाली लाल शाईत, वेणीमाधव सरांच्या अक्षरात लिहिले आहे: ‘प्रयोग माझ्यासमोर पुन्हा करावा.’