समुद्राच्या अलीकडचं फाटक

मेथीची एक जुडी उचलायला जावं, तर मुळांत मुळं अडकून चार जुड्या वर येतात. माझ्या विष्णूदादाच्या समुद्राचं तसंच आहे. एक गोष्ट सांगायला बसलं की चार निघतात.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. दादा आमच्या बडनेऱ्याच्या मळ्यात भाजी पिकवायचा. त्याचा दोस्त मोतीराम अमरावतीत सायकली दुरुस्त करायचा, दुसरा दोस्त गणपत अकोटकडचा कपाशी पिकवणारा कास्तकार. तिघांपैकी एकानंही समुद्र पाहिला नव्हता. आणि ठरवलं काय, तर सायकलींवर कोकण गाठायचं, अलिबागेपासून मालवणापर्यंत किनाऱ्या-किनाऱ्यानं जायचं, आणि राहायचं तंबूत!

अडचण एकच, आमची माय. बाप आम्ही लहान असतानाच गेला. मायनं डोक्यावर भाजीच्या पाट्या वाहून आम्हाले वाढवलं. ती म्हणाली, "नाही." विषय संपला. मोतीराम म्हणे, गुपचूप निघू. दादा म्हणाला, "चोरून पाह्यलेला समुद्र घरी येऊन सांगू कोनाले?"

माय हो म्हणेस्तोवर निघायचं नाही. पण तयारी सोडली नाही.

*

कपाशीच्या गठाणीचं गोणपाट शिवून तंबू केला. बाभळीचे हातभर लांब खुंटे. आमच्याच मळ्यात, पाणी देऊन ओलित झालेल्या काळ्या जमिनीत ठोकून पाहिला. दोराले बैल लावून ओढला, खुंटा हालेना. तिघं खूश.

चार दिवसांनी जमीन वाळली, तेव्हा खुंटे निघेनात. कुदळ आणली, पहार आणली. शेवटी वांग्याचा सारा वाफा खणला. माय धुऱ्यावर, मळ्याच्या बांधावर, उभी राहून पाहत होती. म्हणाली, "फिराले जाता का गाव वसवाले?"

*

काळ्या मातीतला तंबू वाळूत टिकेल का, हे पाहायला तिघं पूर्णेच्या कोरड्या पात्रात गेले. पहिल्याच वाऱ्यात खुंटे उखडले आणि तंबू मोतीरामच्या अंगावर. गणपतनं वाळूत हात खुपसून पाहिला. मग म्हणाला, खुंटा उभा ठोकायचा नाही, दोर बांधून आडवा पुरायचा. पुरला, आणि तिघांनी मिळून ओढला तरी निघेना! ज्यानं समुद्र पाहिला नाही, त्यानं वाळूची अक्कल नदीतच काढली. मला आजही त्याचं नवल वाटतं.

*

हा गणपत खारपाणपट्ट्यातला. त्यांच्या गावच्या विहिरी खारट. मोतीरामले एकच चिंता, समुद्राकाठी प्यायचं काय? एकदा तो गणपतच्या घरी गेला. गणपतच्या आईनं लोटा भरून दिला. मोतीरामनं घोट घेतला आणि तोंड वाकडं करून अंगणात थुंकला.

गणपत शांतपणे म्हणाला, "हे तं पाहुन्याले ठेवलेलं गोडं पानी व्हय."

पाण्याचा जिम्मा तेव्हापासून गणपतकडे.

*

पोहणं मात्र दादाले येत नव्हतं. आमच्याकडे पोरं पाठीशी वाळके भोपळे बांधून विहिरीत शिकतात. घरात दोनच भोपळे होते, माजघराच्या आढ्याले टांगलेले. मायनं हात लावू दिला नाही. "बियाचे हायेत थे. पुढच्या साली काय पेरू, तुहा समुद्र?"

मग दादा कमरेले दोर बांधून विहिरीत उतरला, वर दोर धरून मोतीराम. महिनाभर पाणी पिऊन पिऊन शिकला. माय रोज मोटेजवळ काहीतरी काम काढून बसायची. विहिरीकडे पाठ करून.

*

मग एका सकाळी ती म्हणाली, "सामान किती होते तुमचं?"

दादानं सांगितलं, एकेकाच्या सायकलीमागं वजन जवळपास तुह्याएवढं.

"मंग मलेच ने बजारात. अमरावतीपर्यंत पाय टेकला, तं समुद्राचं नाव काढू नको."

माय मागच्या कॅरिअरवर बसली, मांडीवर भाजीची पाटी. मी मोतीरामदादाच्या सायकलीच्या दांडीवर. दादाचं शर्ट अर्ध्या कोसात भिजलं. चढ आला, काढला. बैलबंडी आडवी आली, बाजूनं काढली.

आणि रेल्वेचं फाटक बंद!

मालगाडी मुंगीसारखी चाललेली. मोतीराम उतरला. मी पाहते तर दादा उतरलाच नाही. फाटकापुढं त्यानं गोल फिरायला सुरुवात केली, मायसकट, पाटीसकट. एक फेरा, दोन फेरे. थांबलेले लोक हसायला लागले. एका बाईनं वांगी कशी दिली विचारलं. माय एका फेऱ्यात भाव सांगे, दुसऱ्या फेऱ्यात उत्तर ऐके, तिसऱ्यात म्हणे, "बाई, बजारात ये, इथं माहा पोरगा कामात हाय."

डबे संपता संपेनात. दादाचे फेरे लहान होत चालले. माय हळूच म्हणाली, "इष्णू, मोठा फेरा घे, लहान्यात जास्त जोर लागते."

फाटक उघडलं. बाजार आला. दादानं सीटवरूनच सायकल झाडाले टेकवली, मायले उतरू दिलं, आणि मग पाय खाली ठेवून तिथंच बसला.

मायनं पाटी उतरवली. वरची वांगी काढली, मेथी काढली. खाली दोन्ही भोपळे होते, नव्या सुतळीनं एकमेकांले बांधलेले. तिनं ते दादाच्या मांडीवर ठेवले आणि भाजी मांडायला लागली.

दादानं एक उचलून हलवला. आत बिया वाजल्या.