न शोभणारे पाय

"हर फीट लुक सो इन्काँग्रुअस हिअर."

मॅडम हे माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्या पायांकडे बघत शेजारच्या सुपरवायझरशी बोलल्या. तो हसला. मीही हसले. अर्थ कळला नव्हता, तरी हसले.

हिंजवडीतल्या एका ऑफिसात मी रिसेप्शनला होते. नोकरी कच्ची. पक्की करायची की नाही, ते याच मॅडमच्या हातात. आमच्या आळीत टेबल-खुर्चीच्या नोकरीला लागलेली मी पहिलीच पोरगी. ती जाऊ नये म्हणून मी काहीही हसून घ्यायचे.

आमच्या रिहे गावात भाताची लावणी इर्जिकीनं होते. सगळी आळी मिळून एकेकाचं खाचर लावते, मजुरी कुणी घेत नाही. पण घरटी एक माणूस जायलाच हवं, नाहीतर आपल्या खाचरात कुणी उतरत नाही. आयचा गुडघा कामातून गेलेला. म्हणून उजाडता मी चिखलात आणि नंतर ऑफिसात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, कातडी सोलली. आयनं मेंदीचा पाला वाटून भरला. बूट घालवेनात. मग कडक इस्त्रीच्या युनिफॉर्मखाली साध्या चपला, आणि चपलांत नारिंगी, फाटलेले पाय.

त्या दिवशी परदेशी पाहुणे येणार होते. मला स्टोअररूममध्ये बसायला सांगितलं. पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर बसून मी मॅडमचा तो 'इन्काँग्रुअस' शब्द मोबाईलवर शोधला. विसंगत. भोवतालाशी न जुळणारं, तिथं न शोभणारं. माणसाला लागतो, कपड्याला लागतो, इमारतीलाही लागतो. मला राग आला नाही. रडूही आलं नाही. पायसुद्धा दुखायचे थांबले. एवढंच डोक्यात आलं की हा शब्द एकट्या वस्तूला लावता येत नाही, दोन लागतात. माझे पाय आणि ती चकचकीत फरशी. पटत नव्हतं दोघांचं. खोलीत मात्र मला एकटीला बसवलं होतं.

पुढच्या आठवड्यात मॅडम स्वतःहून माझ्याजवळ आल्या. गोड बोलल्या. रविवारी ऑफिसची सहल ठरली होती, आमच्या रिह्यातल्याच एका फार्महाऊसवर, भात लावायला. चिखलात उतरायचं, फोटो काढायचे, मग पिठलं-भाकरी खायची. मी नऊवारी नेसून सगळ्यांच्या पुढं उभं राहायचं आणि गाणी म्हणायची.

"तू तर एकदम ऑथेंटिक दिसशील गं," मॅडम म्हणाल्या. नोकरी पक्की झाल्याच्या पत्राचंही बघू, असं जाता जाता सुचवलं.

माझ्या पायाचा चिखल यांच्या लॉबीत घाण होता. आमच्या गावात यांच्या पायाला लागला की मौज. लाज यांना वाटायला हवी होती, मग ती मला का वाटत होती इतके दिवस?

ऑफिसात मी जपून, पुण्याचं बोलायचे. ते सुटलं.

"मॅडम, पाय तेच हायेत. हितं पावण्यांना दिसलेले खपत न्हाईत, तर तितं फोटोतबी दिसणार न्हाईत."

त्यांचा चेहरा उतरला. विचार करून बोल, पत्र अजून निघालेलं नाही, म्हणाल्या.

"इचार केलाय. रविवारी चुलतीच्या खाचरात इर्जिक हाय. मी तितं जाणार."

आणि गेले. फार्महाऊसवरचा स्पीकर आमच्या बांधापर्यंत ऐकू येत होता. आयला सगळं सांगितलं तेव्हा ती घाबरली. आता नोकरी गेली म्हणाली, आणि ते खोटं नसेल.

पत्र आलेलं नाही. चिखल्या पुन्हा चिघळल्यात. आज पुन्हा पाहुणे यायचेत. सकाळीच सुपरवायझर काउंटरपाशी आला. स्टोअरमध्ये जाऊन बस म्हणाला. मी उठले नाही. कामावरून काढायचं असेल तर काढा, तसं लेखी द्या, म्हटलं. लपून बसायची नोकरी मी करणार नाही.

तो मॅडमना बोलवायला गेलाय. मी इथंच बसलेय.